आधी विहिरीचा काठ वाच, मग सायकल काढ

बीडच्या केज तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय: "दादा, साडेसत्तावीस इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) घेतली. लांझारोते बेट, एटना, आइसलंड, तिकडचे लोक काळ्या लाव्हावरून सायकली हाणतात ते व्हिडिओ बघून झोप उडाली. आपल्याकडे असलं काही आहे का? त्यासाठी फुल सस्पेन्शन लागेल का? आणि पंक्चरनं जीव नको केलाय, त्याचं काय करू?"

घरात आजीचं जातं असेल तर त्यावर हात फिरव. तो लाव्हाच आहे. वाड्याचा पाया, बारवेच्या पायऱ्या, पाटा-वरवंटा, रस्त्यावरची खडी, सगळं त्याच दगडाचं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग त्यावर पुढचा आला. असे थरावर थर. झीज होऊन आज जे उरलंय तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. भेगांतून आलेला लाव्हा सपाट पसरतो, म्हणून चित्रातल्यासारखा शंकूचा डोंगर आणि माथ्यावर खड्डा असलं काही इथे शोधू नकोस. लोणारचं सरोवर बघून बरेच जण फसतात. ते ज्वालामुखीचं तोंड नाही, उल्का आदळून झालेलं विवर आहे. आणि ते बुलढाण्यात, आपल्या मराठवाड्याच्या हद्दीबाहेर.

लांझारोतेवरचा तो काळा मुलूख बराचसा १७३० ते १७३६ च्या उद्रेकाचा. तीनशे वर्षंही झाली नाहीत, त्यावर अजून धड माती नाही. राख आणि काचेसारखी ढेकळं. आपला लाव्हा इतका म्हातारा की त्याचा वरचा भाग कुजून मुरूम झाला, मुरुमाची काळी झाली आणि काळीत आपण सोयाबीन पेरलं. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओतले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. तिकडे तासन्‌तास एकाच जातीच्या जमिनीवर चाक फिरतं. इथे अर्ध्या किलोमीटरात ती चार वेळा बदलते, आणि पडणारा माणूस पडतो तो बहुतेक ती बदलते त्या जागीच. चौदा वर्षं या डोंगरांत चालवून माझं मत असं झालंय की सायकलीवर पैसे घालण्याआधी जमीन ओळखायला शिकावं.

मला ती कुणा प्रशिक्षकाने शिकवली नाही. माझे मामा विहिरी खोदायचे. सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा काठावर बसून खाली काय लागलं ते ऐकायचं, एवढंच काम. वर काळी. तिच्याखाली मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा, पांढरे-हिरवट ठिपके असलेला ठिसूळ खडक. त्याखाली काळा पाषाण. तो लागला की शेतमालकाचं तोंड उतरायचं, कारण सुरुंगाचा खर्च वाढणार आणि पाण्याचा भरवसा कमी. मधेच कधी तांबडा पट्टा यायचा, मामा त्याला गेरू म्हणायचे. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा दगड झिजून जी माती झाली, ती पुढच्या लाव्हाखाली गाडली गेली, तोच हा पट्टा. सायकल हातात आल्यावर कळलं की मामांच्या विहिरीतले थर डोंगराच्या बाजूला आडवे उघडे पडलेत आणि आपण त्यांवरूनच चढतो-उतरतो. आजही नव्या भागात गेलो की मी आधी एखादी विहीर किंवा रस्त्यासाठी फोडलेली डोंगराची बाजू बघतो. पुढचे दोन तास कसे जाणार ते तिथेच समजतं.

आता एकेक.

काळ्या पाषाणावर कोरड्या दिवसांत रबर असं धरतं की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारखा तो खरबरीत असतो. उभा चढ वाटला तरी ढुंगण सीटच्या टोकाशी आण, छाती हँडलकडे झुकव, हलक्या गिअरवर पाय फिरवत राहा. चाक घसरत नाही. पण हाच दगड ओढ्यात पाण्याने घासला की टाकी गेलेला पाटा होतो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरलं की विचारूच नको. ओढ्यातला काळा गुळगुळीत कातळ ओला दिसला तर उतरून चालत जा. माझं डावं मनगट अशाच एका ओढ्यात मोडलं, आणि तेव्हा मी ताशी पाच किलोमीटरनेही जात नव्हतो.

मांजऱ्या सायकलवाल्याचा मित्र. छिद्रांमुळे पकड चांगली, आणि झिजतानाही तो उतार सौम्य ठेवतो. ते पांढरे ठिपके म्हणजे थिजताना लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं त्यांत साठली. ऊन तिरपं असताना वाटेवर काही चमकलं तर बहुतेक तेच असतं. थांबून बघ. खिसे भरू नकोस, चढावर ते वजन तुलाच वाहायचंय.

मुरूम फसवा. खाली टणक थर आणि वर सुटे खडे, म्हणजे फरशीवर सांडलेली ज्वारी. सरळ जाताना काही कळत नाही. वळणावर पुढचा ब्रेक दाबलास की चाक सुटलंच. ब्रेक मारायचा तो वळणाआधी, सायकल सरळ असताना. वळणात बोटं सैल, बाहेरचा पाय खाली, त्याच पायावर वजन, आणि नजर वळण संपतं तिथे. नजर चाकापुढच्या खड्यावर राहिली की माणूस त्याच खड्यावर जातो. मुरमाच्या उतारावर गोल गोटेही भेटतील. पाषाण कुजतो तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि आतला गाभा गोटा होऊन उरतो. असा गोटा चाकाखाली गरकन फिरतो. त्याच्या बाजूने जायला वाट नसेल तर चाक नेमकं त्याच्या मधोमध घाल. काठावर घातलंस तर तोही जातो आणि तूही.

काळीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण नव्या पोराचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. तिच्यातलं चिकण पाणी पिऊन फुगतं. ओली असताना ती चाकाला नुसती चिकटत नाही. चाकाबरोबर फिरते, वर आणखी माती उचलते, आणि पन्नास फुटांत फोर्क व फ्रेममधली सगळी फट बुजून चाक जागेवर थांबतं. माझी पहिली चांगली सायकल घेतली त्या वर्षी सप्टेंबरात मी एका पाणंदीत शिरलो. आदल्या रात्री सर पडून गेली होती. चाक अडलं तेव्हा मी शहाण्यासारखा खाली उतरायला हवं होतं. मी पायावर उभा राहून जोर दिला. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, मातीसकट आरांत गेला, त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर कट्‌कन तुटला, दोन आरेही गेले. पुढचे पाच किलोमीटर सायकल खांद्यावर. मातीने तिचं वजन दुप्पट झालेलं. बांधावर मेंढरं घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "सायकल चालवायलाव का पोरगी नांदवायला न्यायलाव?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून एक नियम. वाटेवरची मूठभर माती घेऊन दाबायची. तिचा लाडू वळला तर घरी परत. मुरमाड माळ पावसानंतर एका-दोन दिवसांत चालवण्याजोगा होतो, काळीला चांगलं ऊन पडूनही आठवडा लागू शकतो. उन्हाळ्यात तीच काळी आकसते आणि हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग वाटेला आडवी असेल तर भीती नाही; वाटेच्या दिशेने लांब गेली असेल तर पुढचं चाक तिच्यात रुतून तू हँडलवरून पुढे जाशील. आणि हो, कोरडी असो की ओली, पेरलेल्या रानातून सायकल घालायची नाही. बांधावरूनही विचारूनच.

गेरूचा पट्टा फार रुंद नसतो. ओला झाला की साबण. तांबडं दिसलं की वेग कमी, एवढं पुरे.

या थरांचा दुसरा परिणाम चढावर दिसतो. प्रत्येक थराचा टणक भाग कडा होऊन उभा राहतो आणि वरचा छिद्रांचा भाग झिजून उतार किंवा सपाटी होतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. भूशास्त्रात या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. पहिल्या उभ्या टप्प्यावर सगळा दम घालवलास तर वर आल्यावर कळतं की हा माथा नव्हताच, नुसती एक पायरी. खालून बघतानाच आडव्या काळ्या रेघा मोज. तीन रेघा दिसल्या तर तीन भिंती आणि मधे दोन विसावे. वाटही तशीच असते: बैलगाडीची वाट सपाटीवरून लांब वळसा घालते आणि कडा जिथे ढासळलाय तिथूनच वर चढते. गुराख्यांना त्या जागा पाठ असतात. विचारायला लाजू नकोस.

उतरताना याच पायऱ्या गुडघाभर उंचीच्या होऊन समोर येतात. सीट खाली कर. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा खाली दाबलेल्या, कोपरं वाकलेली, ढुंगण मागे पण हात ताणले जातील इतकं मागे नाही. ब्रेक पायरीच्या आधी मारायचा; चाक काठावरून खाली जात असताना पुढचा सोडायचा. पुढचं चाक खाली लागेपर्यंत धीर धरणं हीच सगळी कला. घराच्या ओट्यावर सराव कर, शेजारी हसतील, हसू देत.

आता सायकल. फुल सस्पेन्शन नको. आपल्याकडे उतार तुटक आहेत, मधल्या सपाट्या लांब आणि गाव ते गाव जायला बराच वेळ पायच मारावा लागतो. १०० ते १२० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कची हार्डटेल इथे पुरून उरते. पैसे टायरमध्ये घाल. रुंदी सव्वादोन इंचाच्या खाली नको, बाजूच्या भिंती जाड हव्यात, कारण नुकताच फोडलेला पाषाण ब्लेडसारखा कापतो. खदानीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माझी टायरं खालून कधी गेली नाहीत, नेहमी बाजूने चिरली.

तुझ्या पंक्चरचा गुन्हेगार मात्र दगड नाही, काटा आहे. सराटा, बाभूळ, वेडी बाभूळ, बोर. ट्यूब ठेवून त्यांच्याशी भांडता येत नाही. रिम चालत असेल तर ट्यूबलेस करून टाक, प्रत्येक चाकात शंभर मिलिलिटरच्या आसपास सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव. काटा दिसला तर उपटायचा आणि भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवून थोडं थांबायचं, सीलंट आपोआप तिथे जमतं. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं, दर दोन महिन्यांनी तपास. माझं वजन ७२ किलो. ट्यूबलेसवर मी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय हवा ठेवतो. तू ट्यूबच ठेवणार असशील तर ३२-३५ तरी हवेत, नाहीतर पायरीच्या काठावर रिम आणि दगड यांमध्ये ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतील. चिरलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा पिशवीत असू दे. त्याने मला दोनदा रात्री डोंगरात मुक्काम करण्यापासून वाचवलंय.

दिवस निवडताना ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी. मार्चनंतर सकाळी दहाच्या आत घरी. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि काळा दगड संध्याकाळी सातलाही खालून भाजतो. तीन लिटर पाणी म्हणजे तीन लिटर. वाटेत मिळेल या भरवशावर राहू नकोस, आणि टँकरवर जगणाऱ्या गावात प्यायला मागितलंस तर माणसं तांब्याभर देतीलच, पण तिथे सायकल धुवायला पाणी मागणाऱ्या पुण्याच्या एका गटाची मला अजून लाज वाटते. (मीच त्यांना घेऊन गेलो होतो.) दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: आपले हे चांगले महिने म्हणजे ऊसतोडीचे महिने. दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगररांगेवरचे कितीतरी तांडे-वाड्या रिकाम्या होतात, घरी म्हातारी माणसं आणि काही लेकरं. चेन तुटली तर मोटारसायकलवर बसवून नेणारं कुणी सापडेलच असं नाही. म्हणून हत्यारं जवळ आणि निघताना घरी वाट सांगून.

धोक्यांत मी बिबट्या शेवटी धरतो. पहिल्या नंबरला कठडा नसलेली विहीर. मुरमाड माळावर, गवतात, जमिनीच्या बरोबरीने तोंड असलेल्या जुन्या विहिरी आहेत. अनोळखी शिवारात वाट सोडून वेगात जायचंच नाही, संध्याकाळी तर नाहीच. मग रानडुकरांसाठी शेताभोवती लावलेली झटक्याची तार, ती बारीक असते आणि नेमकी छातीच्या किंवा चाकाच्या उंचीला येते. कड्याला लोंबणारी आग्या मोहोळं दिसली तर खाली डबा उघडून बसू नये, धूर तर चुकूनही नाही. सकाळच्या उन्हाला दगडावर फुरसं पडलेलं असतं, दगडाच्याच रंगाचं; हात टेकताना बघून टेक.

जागांचं म्हणशील तर तुझ्या दारातूनच सुरू होतं. केजहून धारूरकडे जा. धारूर बालाघाटाच्या काठावर आहे, तिथून उत्तरेला जमीन गंगथडीकडे, म्हणजे गोदावरीच्या काठाकडे, उतरते आणि तो उतार बघितलास की पायऱ्या म्हणजे काय ते एका नजरेत कळेल. मुख्य घाटरस्ता सायकलीसाठी नको, अरुंद आहे आणि उसाच्या ट्रॉल्या वळणावर सगळा रस्ता खातात. वरच्या पठारावरच्या बैलगाडीच्या वाटा धर. दिवाळीच्या आधी गेलास तर सीताफळं असतील, पण विकत घे, तोडू नकोस. दुसरी जागा मांजरसुंब्याजवळचं कपिलधार. तिसरी पाटोद्याकडचं सौताडा: विंचरणा नदी जिथे दरीत उडी घेते तिथे समोरच्या भिंतीत लाव्ह्याचे थर चळतीसारखे रचलेले दिसतात. तिथे सायकल वरच ठेवायची, काठाजवळ चालवायची नाही. मामांची सगळी विहीर तिथे एका भिंतीत बघायला मिळते.

संभाजीनगरला आलास तर खुलताबादवरून म्हैसमाळ आणि येताना सुलिभंजनच्या माळावरून फिरून ये. म्हैसमाळ १,०६७ मीटरवर, शहर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे एका सकाळीत पाचशे मीटर चढ पुरेपूर मिळतो. वाटेत देवगिरी दिसेल. तो डोंगर खालून तासून सरळ उभा केलाय, चढणाऱ्याला पायरीच राहू नये म्हणून. लाव्हाची नैसर्गिक पायरी माणसाने मुद्दाम काढून टाकल्याचं दुसरं इतकं ठळक उदाहरण मला माहीत नाही. वेरूळला सायकल कुलपात ठेवून कैलास लेणं बघ: त्याच दगडात, वरून खाली कोरत आणलेलं. लेण्यांच्या माथ्यावर किंवा किल्ल्याच्या आवारात चाक घालायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते. गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय जायचं नाही आणि ठरलेली वाट सोडायची नाही. २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेल्या वाघाने तिथे मुक्काम केला होता. कन्नडचा घाट रहदारीचा आहे, तो विसर.

आणि कधी नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे गेलास तर चाकाखालची जमीन अचानक वेगळी लागेल. पायऱ्या नाहीत, काळी कमी, फिक्या ग्रॅनाइटचे मोठाले धोंडे. तिथे आपला लाव्हा संपतो. तिथली सायकल वेगळी चालवावी लागते, त्याबद्दल पुन्हा कधी.

पहिल्या महिन्यात लांब जाऊ नकोस. घरापासून दहा किलोमीटरच्या आत अशी एक वाट शोध जिच्यात काळी, मुरूम आणि पाषाण तिन्ही आहेत. तीच आठवड्यातून दोनदा चालव. पहिल्या फेरीला जिथे जमीन बदलते तिथे थांबून, उतरून, हाताने बघ. चार फेऱ्यांनंतर चाकाचा आवाजच सांगायला लागेल: पाषाणावर गुंजतं, मुरमावर चरचरतं, काळीवर गप्प होतं. मग वेग वाढव.

डिरेलरचा जादा हँगर मात्र आजच मागवून ठेव. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तालुक्याच्या दुकानात मिळत नाही आणि मागवला तर यायला वेळ लागतो. सीटखालच्या पिशवीत टाक, दोन स्क्रूसकट. माझ्या वेळी हँगर घरी होता, स्क्रू नव्हते.